जुन्या पिकअपचा कायापालट (भाग 6) : 350 बांधायचं की 5.3 बसवायचं?

गेल्या दोन भागांत चासीवरचा गंज काढला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या. आता इंजिन. या लेखमालेत उदाहरण म्हणून धरलेली गाडी शेवरोलेची सी-10 पिकअप, 1967 ते 1972 या पिढीतली. अमेरिकेत ही गाडी हाती घेणारा बहुतेक प्रत्येक जण एका निर्णयापाशी अडतो. तिच्याच काळातलं 350 घन इंचाचं व्ही-8 पुन्हा बांधून घ्यायचं, की 1999 नंतरच्या सिल्व्हराडोतून उतरवलेलं 5.3 लिटरचं व्ही-8 त्या जागी बसवायचं?

दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली. एड कोल शेवरोलेचे मुख्य अभियंता असताना 1955च्या मॉडेलांसाठी 265 घन इंचाचं छोटं व्ही-8 आलं आणि त्याचाच विस्तार होत 1967मध्ये कॅमॅरोत 350 अवतरलं. पिकअपमध्ये ते 1969 साली मिळू लागलं. 5.3ची पिढी 1997च्या कॉर्व्हेटपासून सुरू झाली. अमेरिकन गॅरेजांत तिला सरसकट ‘एलएस’ म्हणतात. दोन्हींत शेजारच्या सिलिंडरांच्या केंद्रांमधलं अंतर 4.4 इंचच आहे. मात्र ब्लॉक, हेड, तेलाचा मार्ग, ठिणगीची व्यवस्था, हे सगळं नव्याने मांडलेलं.

पहिली तुलना सगळे ताकदीची करतात आणि तिथेच फसगत होते. 1969च्या पत्रकात पिकअपमधल्या 350ची ताकद 255 अश्वशक्ती छापलेली दिसते. 5.3ची, साल कुठलं त्यानुसार, 270 ते 295. मग एवढा खटाटोप वीस-तीस अश्वशक्तीसाठी करायचा का? पण हे आकडे एका तराजूतले नाहीत. त्या काळी इंजिन नुसतं बाकावर ठेवून मोजत. सायलेन्सर नाही, एअर फिल्टर नाही, पंखा-अल्टरनेटरचा भार नाही. 1972पर्यंत अमेरिकन कंपन्या गाडीत बसतं तसं, सगळा पसारा जोडलेलं इंजिन मोजू लागल्या आणि त्याच 350चा आकडा 175वर आला. कॉम्प्रेशन थोडं उतरलं होतं हे खरं, पण मोठा फरक मोजण्याच्या रीतीचा. 5.3चे आकडे या दुसऱ्या रीतीचे आहेत. म्हणजे खरं अंतर शंभर अश्वशक्तीच्या आसपास जातं आणि तेही लहान इंजिनाच्या बाजूने. कारण 350 घन इंच म्हणजे 5.7 लिटर.

हे कसं साधलं, तर मुख्यतः श्वासामुळे. जुन्या हेडमध्ये मधल्या दोन सिलिंडरांच्या धुराच्या वाटा एकमेकींना खेटून आहेत, त्यामुळे तिथे उष्णता साठते. नव्या ॲल्युमिनियम हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरची वाट सारखी, सरळ आणि स्वतंत्र. प्रत्येकाला आपलं इंजेक्टर, आपली कॉइल. क्रँक धरून ठेवणाऱ्या प्रत्येक कॅपला सहा बोल्ट. बहुतेक 350मध्ये ते दोन असतात.

तरीही माझं मत असं, की इंजिन बदलल्यावर ‘गाडी नवी झाली’ असं जे लोक आनंदाने सांगतात, त्यातलं निम्मं श्रेय गिअरबॉक्सचं असतं. जुन्या सी-10मध्ये बहुधा तीन गिअरचा ऑटोमॅटिक असतो आणि त्याचा वरचा गिअर थेट, एकास एक. मागचा ॲक्सल 3.73चा आणि टायर 28 इंच उंचीचा धरला, तर ताशी 70 मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे 3,100 फेरे घेतं. केबिनमध्ये बोलायचं तर आवाज चढवावा लागतो, पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. 5.3सोबत येणाऱ्या 4एल60ई गिअरबॉक्सचा चौथा गिअर 0.70चा आहे. त्याच वेगाला फेरे 2,200वर येतात. एवढ्याने लांबचा प्रवास सुसह्य होतो.

आणि हा चौथा गिअर जुन्या इंजिनालाही मिळू शकतो. 1982मध्ये आलेला 700आर4 हा 4एल60ईचाच संगणकाविना चालणारा पूर्वज, गुणोत्तरं तीच. 350च्या मागे तो बसतो. पथ्य एकच: कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल अचूक जुळवायला हवी. ती सैल राहिली तर आत तेलाचा दाब कमी पडतो, क्लच घसरतात आणि थोड्याच दिवसांत गिअरबॉक्स जळतो. दोनच पर्याय समोर ठेवून भांडणाऱ्यांना ही तिसरी वाट दिसत नाही, म्हणून ती इथे मुद्दाम सांगितली.

आता 5.3 बसवताना काय काय हलवावं लागतं ते पाहू. इंजिन स्वस्त पडतं, कारण सिल्व्हराडो, सिएरा, टाहो, सबर्बन अशा लाखो गाड्यांत ते होतं आणि अपघातात मोडलेल्या गाड्या भंगारात येतच राहतात. खर्च त्याच्या भोवतालचा असतो. फाउंडेशनच्या जागा जुळत नाहीत, मध्ये पट्ट्या घालाव्या लागतात. मूळ ट्रकचं ऑइल चेंबर इतकं खोल असतं, की ते सी-10च्या आडव्या बीमच्या खाली लोंबतं. उथळ चेंबर घ्यावं लागतं. एसीचा कॉम्प्रेसर खाली उजवीकडे, तो थेट चासीला अडतो. हेडमधली वाफ बाहेर काढणारी बारीक नळी रेडिएटरला जोडायची असते. तिचं तोंड बुजवून टाकणारे महाभाग पाहिले आहेत. तसं केलं की हेडमध्ये हवा कोंडते आणि काटा ठीक दाखवत असतानाही इंजिन आतून तापतं. जुना स्पीडोमीटर केबलवर चालतो, नवा गिअरबॉक्स वेग विजेच्या संकेतांतून सांगतो. आटे जुन्यात इंची, नव्यात मेट्रिक. संगणकाचं वायरिंग वेगळं करून घ्यायचं, त्यातली चोरीविरोधी यंत्रणा बंद करून घ्यायची, नाहीतर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडेल.

सगळ्यांत गंभीर बाब इंधनाची. कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय दाब पुरतो, 5.3च्या इंजेक्टरांना 58 लागतो. म्हणजे टाकीत विजेचा पंप हवा, नळ्या त्या दाबाच्या हव्यात. आणि या पिढीच्या सी-10मध्ये टाकी असते कुठे? केबिनच्या आत, सीटच्या मागे. माणसाच्या पाठीशी वीस गॅलनच्या आसपास पेट्रोल! जुन्या टाकीला बाहेरून पंप लावून काम भागवता येतं, लोक भागवतातही. मी तसा सल्ला देणार नाही. इंजेक्शनचं इंजिन घालायचं ठरवलंत, तर टाकी हौद्याखाली नेण्याचा खर्च त्याच दिवशी हिशेबात धरा.

मग 350च्या बाजूने काय उरतं? बरंच काही. ते आहे त्याच फाउंडेशनवर बसतं. पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि टायमिंग लाइट एवढ्यावर ते जुळवता येतं. सुटे भाग जवळपास प्रत्येक दुकानात मिळतात. कमी फेऱ्यांतच ते जोर धरतं, त्यामुळे गावातल्या गावात चालवताना 5.3पेक्षा लेचंपेचं वाटत नाही. जपायची ती मुख्यतः कॅमशाफ्ट. मूळ रचनेत टॅपेट सपाट तळाचे, कॅमवर घासत चालणारे. जुन्या तेलांत जस्ताचं संयुग भरपूर असे, ते या घासणाऱ्या पृष्ठभागांना वाचवी; आताच्या साध्या मोटार-तेलांत त्याचं प्रमाण कमी आहे. नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलवर सोडायचं नाही. वीसेक मिनिटं 2,000च्या वर फेरे ठेवायचे, म्हणजे कॅमवर तेल उडत राहतं. ही वीस मिनिटं चुकली तर नवी कॅम तिथेच खराब होते. रोलर टॅपेटची कॅम घालून हा धोका टाळता येतो, पैसे जास्त पडतात. 5.3मध्ये रोलर मुळातच आहेत.

कायद्याची बाजू अमेरिकेत या गाडीपुरती सोपी आहे. धुराच्या तपासणीत कडक असलेल्या कॅलिफोर्नियातही 1975पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना तपासणीतून सूट आहे. आपल्याकडे मात्र हाच निर्णय घेताना आधी कायदा वाचावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52मुळे नोंदणीशी न जुळणारं इंजिन आपल्या मर्जीने बसवता येत नाही, आणि 2021च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात, इंजिनात मोठा फेरबदल न केलेली असणं ही अटच आहे. महाराष्ट्रात जुनी जीप किंवा ॲम्बॅसॅडर घेऊन बसलेल्या वाचकांनी हे आधी पाहावं.

माझा कौल असा. गाडीतलं मूळ 350 अजून जागेवर असेल, ब्लॉकला तडा नसेल, तर ते बांधून घ्या आणि मागे 700आर4 लावा. त्या गाडीचं ते इंजिन पुन्हा मिळणार नाही. मूळ इंजिन कधीच निघून गेलं असेल, किंवा आत 250चं सहा सिलिंडरी थकलेलं असेल आणि गाडी रोज, लांब पल्ल्यावर न्यायची असेल, तर 5.3 घ्या, बेधडक. शक्यतो 2002पर्यंतच्या ट्रकमधलं, थ्रॉटल केबलवर चालणारं शोधा. जुन्या पेडलला ते जोडणं सोपं जातं. आणि गाडी 1971च्या आधीची असली, तर तिचे पुढचे ब्रेक ड्रमचे असतील. डिस्क 1971पासून आल्या. वाढलेली ताकद ड्रमच्या भरवशावर रस्त्यावर आणू नका, आधी डिस्क बसवा.

पुढच्या आठवड्यात टाकी हौद्याखाली नेऊ: जागेचं माप, नळ्यांची वाट आणि पेट्रोलची वाफ बाहेर सोडणारी व्यवस्था.