नक्षी तुमची, हक्क कोणाचा?

नवी नक्षी बाजारात चालली की थोड्याच दिवसांत ती शेजारच्या मागावर दिसू लागते, ही यंत्रमागधारक बंधूंची तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. मग कॉपीराइटचा कायदा कशासाठी, असे ते विचारतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कागदावरील मूळ चित्राला नोंदणीशिवायही संरक्षण मिळते. ते चित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. परंतु याच कायद्याच्या कलम १५ मध्ये मेख आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रावर तिचे ५० पेक्षा जास्त नग काढले, की त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. यंत्रमागावर ५० साड्या निघायला कितीसा वेळ लागतो?

उपाय आहे तो डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणीचा. तिने १० वर्षे हक्क मिळतो. मुदत वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे. मात्र नक्षी नवी हवी. माल बाजारात गेल्यावर ती कायद्याच्या लेखी नवी राहत नाही. म्हणून आमचे कारागीर व व्यापारी बंधूंना सांगणे एवढेच : आधी अर्ज द्या, मगच नमुना दुकानदाराला दाखवा.