दहातली विसरलेली आज्ञा

मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या चेटूक-खटल्यांवर बेतलेल्या, आर्थर मिलरच्या ‘द क्रूसिबल’ या नाटकाचा दुसरा अंक चिमूटभर मिठानं सुरू होतो. जॉन प्रॉक्टर शेतावरून उशिरा घरी आलाय, बायको माडीवर मुलांना निजवतेय. चुलीवरचा रस्सा तो चाखतो, पटत नाही, गुपचूप मीठ टाकतो. एलिझाबेथनं तोच रस्सा वाढला की मात्र चवीची तारीफ करतो, आणि ती बिचारी खुलते.

अ‍ॅबिगेल या मोलकरणीशी त्याचा संबंध होता. एलिझाबेथनं तिला घालवून दिलं, त्याला सात महिने झाले. तो संबंध रंगमंचावर कुठंच दिसत नाही. पेरणीच्या, जेवणाच्या, घरात फुलं आणण्याच्या बोलण्याआडून तो ऐकू येतो. ठिणगी पडते ती एका बारीक तपशिलावरून. अ‍ॅबिगेल भेटली तेव्हा आपण दोघंच होतो, हे प्रॉक्टरच्या तोंडून निसटतं. आधी त्यानं वेगळं सांगितलेलं असतं. एलिझाबेथ आवाज चढवत नाही, तेवढंच पुन्हा विचारते. मग हाच भडकतो: घरात पाऊल टाकावं तर कोर्टात आल्यासारखं वाटतं, ही त्याची तक्रार. पुढं चेटकाच्या चौकशीसाठी आलेला रेव्हरंड हेल त्याला बायबलमधल्या दहा आज्ञा म्हणायला लावतो. प्रॉक्टर बोटं मोजतो, एक आज्ञा दोनदा म्हणतो, अडखळतो. राहिलेली आज्ञा व्यभिचाराची, आणि ती हळूच सुचवते त्याची बायकोच.

प्युरिटनांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये लग्न हा धर्मसंस्कार नव्हता. तो दिवाणी करार होता, सुरुवातीची कित्येक दशकं मॅजिस्ट्रेटसमोर होणारा. त्यामुळे पती-पत्नीतली भानगड ही सरकारी बाब. 1641 च्या कायद्यात व्यभिचाराला मृत्युदंड होता. 1644 मध्ये बॉस्टनला मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन यांना त्यासाठी फाशी झाली. पण व्यभिचार ठरायचा तो बाई दुसऱ्याची बायको किंवा वाग्दत्त वधू असली तरच. प्रॉक्टरसारखा विवाहित पुरुष अविवाहित मुलीकडे गेला, तर गुन्हा हलका. म्हणजे नाटकातला प्रॉक्टर ज्या अपराधानं पिचतो, त्यासाठी कायद्यानं त्याला फासावर दिलं नसतं. त्याच्या डोक्यावर बसलेला न्यायाधीश गावापेक्षा कडक आहे.

तिसऱ्या अंकात, एलिझाबेथवर चेटकाचा आरोप करणाऱ्या अ‍ॅबिगेलला खोटं पाडायला, तो भर कोर्टात संबंधाची कबुली देतो, आणि बायको आयुष्यात खोटं बोललेली नाही, अशी ग्वाहीही. तिला बोलावलं जातं. प्रॉक्टरनं पाठ फिरवायची, तिनं त्याच्याकडे बघायचं नाही. नवरा व्यभिचारी आहे का, असा थेट प्रश्न येतो आणि ती नकार देते. त्याची अब्रू वाचवायला जन्मात पहिल्यांदा खोटं बोलते, आणि त्यानंच त्याचा घात होतो. आपल्याकडे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये तेंडुलकरांनी बेणारेला खेळातल्या कोर्टात उभं केलं, तेव्हा तिचा प्रियकर प्रोफेसर दामले गैरहजरच होता. मिलरचा पुरुष निदान पिंजऱ्यात येतो.

चौथा अंक मला खटकतो. तुरुंगातली एलिझाबेथ नवऱ्याच्या घसरणीचा काही दोष स्वतःच्या थंडपणाकडे घेते. प्रसंग हलवून सोडतो, हे मान्य; पण इथं नाटककारानं प्रॉक्टरला जरा जास्तच माफी मिळवून दिलीय. जानेवारी 1953 मध्ये न्यूयॉर्कला पडदा उघडला तेव्हा मिलरचा स्वतःचा पहिला संसार डळमळत होता. मेरिलिन मन्‍रोशी त्याची ओळख 1951 ची, लग्न 1956 चं.

सेलमच्या कागदपत्रांत या लफड्याचा मागमूस नाही. 1692 मध्ये जॉन साठीचा होता, अ‍ॅबिगेल अकरा-बारा वर्षांची. मिलरनं तिचं वय वाढवलं. धागा सापडला तो 11 एप्रिलच्या चौकशीच्या नोंदीत: अ‍ॅबिगेलनं एलिझाबेथला मारायला मूठ उगारली, पण हात खाली येता येता बोटं उघडली, टोपीला नुसती लागली, आणि पोरगी बोटं भाजल्याचं ओरडू लागली. एवढ्यावरून मिलरनं सवत उभी केली.

खऱ्या एलिझाबेथचं गाऱ्हाणं दुसरंच होतं. ती जॉनची तिसरी बायको. 19 ऑगस्टला त्याला फाशी झाली. ती गरोदर असल्यानं वाचली. पुढं कळलं की मृत्युपत्रात तिचं नाव नाही. 1696 मध्ये तिनं वसाहतीच्या विधिमंडळाकडे अर्ज केला: लग्नाआधी आमचा लेखी करार होता, तो डावलून त्या अंधाऱ्या काळात कुणीतरी मृत्युपत्र रचून नवऱ्याची सही घेतली, आणि शिक्षा झाल्यामुळे मी कायद्याच्या लेखी मेलेली, म्हणून मला छदामही देत नाहीत. 1711 मध्ये वसाहतीनं प्रॉक्टर कुटुंबासाठी 150 पौंड भरपाई मंजूर केली. त्याआधीच, 1699 मध्ये, एलिझाबेथनं दुसरं लग्न केलं होतं.