एकच मंडळी, बाप्तिस्म्याच्या दोन रीती

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्याच राज्याच्या तेलुगू भागातील दोर्नकल धर्मप्रांतावर १९१२ साली व्ही. एस. अझरय्या यांची नेमणूक होऊन अँग्लिकन पंथाला पहिला भारतीय बिशप, म्हणजे धर्मप्रांताचा प्रमुख, मिळाला. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चमधून निघून जगभर पसरलेल्या स्वायत्त मंडळ्यांचा परिवार. त्यात कँटरबरीच्या आर्चबिशपांना परंपरेने मान आहे, पण इतर देशांतील स्वायत्त मंडळ्यांवर त्यांचा हुकूम चालत नाही.

त्या काळी मिशन संस्थांनी एकमेकींच्या वाटेत येऊ नये म्हणून मुलूख वाटून घेतले होते. जालन्याला नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे काम उभारले, औरंगाबादेत अँग्लिकनांची चर्च मिशनरी सोसायटी होती, तर नगरकडे अमेरिकन मराठी मिशनचे वजन होते. त्यामुळे माणसाचा पंथ बहुधा त्याच्या श्रद्धेने नव्हे, तर गावाच्या शिवेने ठरे. परदेशातले भांडण इथे वारशाने आले, ही जाणीव अझरय्यांना होती आणि १९१९ च्या तरंगमबाडी परिषदेत त्यांनी ऐक्याचा प्रश्न पुढे आणला. रेव्हरंड ना. वा. टिळक तर १९१७ मध्येच ‘देवाचा दरबार’ स्थापून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवू पाहत होते, जे त्या काळच्या मिशनला पेलणारे नव्हते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकनांसह सहा मंडळ्या आपापली नावे सोडून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र ऐनवेळी मागे फिरले. खरी अडचण बाप्तिस्म्याची होती, कारण अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत, तर या सहांतल्याच बाप्टिस्टांच्या मते समजत्या वयात विश्वास कबूल केल्याशिवाय तो देताच येत नाही. नव्या मंडळीने दोन्ही रीती मान्य केल्या आणि पाळकांच्या अधिकाराचा वाद एकमेकांच्या मस्तकी हात ठेवण्याच्या विधीने मिटवला. जागतिक अँग्लिकन परिवार २००३ पासून अमेरिकेतील समलिंगी बिशपच्या नेमणुकीवरून दुभंगत आला आहे, तेव्हा मतभेदासकट एका छपराखाली राहण्याचा हा अनुभव त्याने अधिक गांभीर्याने अभ्यासायला हवा होता.

जमीनजुमल्याचे ऐक्य मात्र इतके सोपे ठरले नाही: त्या सहांपैकीच असलेल्या ब्रदरेन मंडळीची गुजरातमधील विश्वस्त मालमत्ता केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने नव्या मंडळीकडे जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला.