अस्थानीं वाढलेली ग्रंथि

लघवींतून रक्त पडलें कीं मनांत पहिली शंका येते ती कर्करोगाची. ती फेडून घेणें अगत्याचेंच. परंतु प्रत्येक वेळीं ती खरी ठरतेच असें नाहीं.

पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथि मूत्राशयाच्या तोंडाखालीं, मूत्रनलिकेला वेढून असते. क्वचित् तिच्याच पेशींची एखादी लहान गांठ मूत्राशयाच्या आंत, बहुधा तळाच्या त्रिकोणांत, आढळते. गर्भावस्थेंत मूत्राशय व प्रोस्टेट यांचा बराचसा भाग एकाच पोकळींतून घडतो. त्या वेळीं कांहीं पेशी मागें राहिल्या असाव्या, असें एक अनुमान आहे.

निट्झे या जर्मन वैद्यानें १८७७ सालीं मूत्राशयाचें अंतरंग दाखविणारी दुर्बीण पुढें आणली. आजच्या सुधारलेल्या दुर्बिणींतून ही गांठ स्पष्ट दिसते. पण नुसत्या दिसण्यावरून ती निरुपद्रवी कीं घातक, हें ठरत नाहीं. म्हणून ती मूत्रमार्गावाटेंच खरवडून काढतात व सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. प्रोस्टेटच्या पेशींतलें विशिष्ट प्रथिन तींत मिळालें व पेशींची ठेवण व्यवस्थित असली, म्हणजे निदान पक्कें होतें. बहुधा पुढें दुसरा उपचार लागत नाहीं.

तेव्हां, दुखत नाहीं म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करूं नये. आणि तपासणीपूर्वींच धीरही सोडूं नये.