भेग हिशेबात धरा

रानात टाकलेला युरिया विहिरीत कधी पोचेल? कागदावर उत्तर सोपं आहे. मातीच्या शंभर भागांत चाळीस भाग पाणी आहे आणि वर्षाकाठी 200 मिलिमीटर पाणी मुळांखाली झिरपतं असं धरा. नव्या पाण्याच्या रेट्यानं जुनं पाणी वर्षाला अर्धा मीटर खाली सरकेल. विहिरीचं पाणी दहा मीटरवर असेल, तर वीस वर्षं निवांत. मातीला चिकटणारं शिसं किंवा स्फुरद त्याहूनही कितीतरी मागं रेंगाळेल. युरियापासून बनणारं नायट्रेट मात्र रेंगाळत नाही. मातीच्या कणांवर ऋण भार, त्याच्यावरही ऋणच. त्यामुळं पाणी जाईल तिकडं तेही जातं.

बारामती-इंदापूरच्या काळ्या रानात हा हिशेब फसतो. उन्हाळ्यात इथं भेगांत हात कोपरापर्यंत जातो. पाटाचं पहिलं पाणी ढेकळं न भिजवता थेट भेगांत गडप होतं आणि विरघळलेला युरिया बरोबर नेतं. ज्या गणितावर मातीत पाणी कसं झिरपतं याची बहुतेक प्रारूपं उभी आहेत, ते रिचर्ड्सचं 1931 सालचं समीकरण मातीला स्पंज समजतं. आपली माती स्पंज नव्हे, तडकलेलं मडकं आहे. म्हणून ‘हायड्रस’सारख्या संगणकीय प्रारूपांत आता एका रानाची दोन रानं मांडता येतात: एक ढेकळांचं, संथ, दुसरं भेगांचं, धावतं. खरी अडचण पुढं आहे. माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, म्हणजे भेगांच्या वाट्याचा आकडा रोज बदलतो. तो रानात जाऊनच मोजावा लागतो.

हेच गणित उलट्या दिशेनंही चालतं. याच रानांना पाणी देणारा नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला. पाणी मुरत गेलं, भूजल वर चढलं, उन्हानं ओल ओढली आणि मीठ मागं उरलं. 1910 साली कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. कालवा तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचा होता!

आता पुन्हा विहिरीकडं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्या. आणि तडकलेल्या रानात पाणी सोडण्याआधी कुळवाची एक पाळी द्या, भेगांची तोंडं बुजवा. युरिया त्यानंतर, वापशावर, थोडा थोडा.