पाचोळ्यावरून कळते जंगलाची तब्येत

विट्याच्या नैर्ऋत्येला, देवराष्ट्रेजवळचे सागरेश्वर अभयारण्य माणसांनी उभे केले आहे. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरांवर झाडे लागली आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. अशा लावलेल्या जंगलात माती खरोखर सुधारते आहे का, हे पाचोळ्यावरून तपासता येते.

पानगळ मोजणे : झाडांखाली ठरावीक मापाच्या जाळ्या जमिनीपासून थोड्या उंच बांधतात. दर महिन्याला पाने, काटक्या, फुले-फळे वेगळी करून वाळवतात आणि वजन करतात. पानझडी जंगलात हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत पानगळ सर्वाधिक असते.

कुजण्याचा वेग : वजन केलेली वाळकी पाने जाळीदार पिशव्यांत भरून जमिनीवर ठेवतात. ठरावीक काळाने पिशव्या उचलून घट मोजतात. पावसाळ्यात ओल मिळताच बुरशी, जिवाणू आणि वाळवी जोमाने कामाला लागतात.

साधे गणित : वर्षभरात पडलेला पाचोळा भागिले जमिनीवर सरासरी साठलेला पाचोळा. समजा, हेक्टरी ४ टन पडला आणि २ टन साठून आहे, तर उत्तर २. म्हणजे साठा सुमारे सहा महिन्यांत मातीत मिसळतो.

प्रजातींचा फरक : नत्र भरपूर असलेली गिरिपुष्पाची पाने लवकर कुजतात, निलगिरीची सावकाश. म्हणून मिश्र लागवड हिताची.

वणव्याचे नुकसान : पाचोळा जळला की त्यातला बहुतेक नत्र हवेत उडून जातो. म्हणून वणवा अडवणाऱ्या जाळरेषा राखणे हे मातीचेही रक्षण आहे.