विमानतळाच्या ठेक्याचे ऑडिट आणि आपला कारागीर

नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. तरीही विमानतळासारख्या सरकारी ठेक्याचा हिशेब कसा तपासतात, हे फरशी, वेल्डिंग, सुतारकाम करणाऱ्या आपल्या बांधवांनी समजून घ्यावे. येथील सरकारी रस्ते व इमारतींच्या ठेक्यांनाही तशीच तपासणी लागू असते.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच कॅग, ही तपासणी करतात. निविदेची जाहिरात, करारातील दर, मोजमाप पुस्तिका व दिलेले बिल एकमेकांशी ताडून पाहिले जाते. सिडकोवरील त्यांचा अहवाल मार्च 2020 मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यात नवी मुंबई विमानतळाची कामेही होती. मोठ्या निविदांची राष्ट्रीय वृत्तपत्रांत जाहिरात नाही, जादा कामे निविदेशिवाय जुन्याच ठेकेदारांना दिली, असे आक्षेप सिडकोच्या कामांवर घेतले गेले.

मात्र कॅग कारागिराची थकलेली मजुरी वसूल करून देत नाही. जादा कामाची नोंद नसली की "वरून मंजुरी नाही" म्हणून पैसे अडतात आणि तोंडी बोलीवर राबलेला कारागीर बुडतो. म्हणून दर, माप व जादा काम लिहून घ्यावे, त्यावर सही घ्यावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हा सूरह अल्-बकराच्या 282 व्या आयतीतील आदेश आहेच.